शिक्षेआधीची शिक्षा: मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्यमंत्री आणि गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.



२०२२ च्या अखेरीस महाराष्ट्राच्या तुरुंगांत ३२,८८३ माणसं अशी होती, ज्यांच्यावरचा गुन्हा कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंगविषयक अहवालातला हा आकडा आहे. राज्यातल्या दर दहा कैद्यांपैकी आठ जण कच्चे कैदी होते. देशभरात ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा निकाल लागायचा होता. कच्च्या कैद्यांच्या संख्येत उत्तर प्रदेश आणि बिहार यांच्यानंतर आपल्या राज्याचा क्रमांक होता.

या माणसांत गुन्हा केलेले असतील, न केलेलेही असतील. कोण कुठला, हे ठरवण्याचं काम न्यायालयाचं आहे आणि ते अजून झालेलं नाही. तोवर दोघंही त्याच बरॅकीत, त्याच गर्दीत दिवस काढतात. शिक्षा आधी भोगून होते आणि निकाल मागाहून येतो. निर्दोष ठरलेल्या माणसाला मधली वर्षं कोणी परत देत नाही. त्या वर्षांत मुलांची शाळा सुटते, शेत पडीक राहतं, म्हातारे आईबाप जातात. दुसऱ्या बाजूला, ज्याच्या घरात खून पडला किंवा जिच्यावर अत्याचार झाला, तीही माणसं तितकीच वर्षं कोर्टाच्या बाकावर बसून असतात. खटला रखडतो तेव्हा आरोपी आणि फिर्यादी दोघांवरही अन्याय होतो, हे या पत्रात पुन्हा पुन्हा येईल.

हे पत्र पंतप्रधानांना किंवा सरन्यायाधीशांना न लिहिता आपल्याला लिहिण्यामागे कारण आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे लागू झाले. १८६० ची दंडसंहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा इतिहासजमा झाले. कायदे संसदेने केले. पण पोलीस आणि तुरुंग हे दोन्ही विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत आहेत. आरोपीला तारखेला कोर्टात नेणारी गाडी राज्याची, तिच्यातला गार्ड राज्याचा, तपासी अंमलदार राज्याचा, सरकारी वकील राज्याचा, न्यायवैद्यक प्रयोगशाळा राज्याची, तुरुंग अधीक्षक राज्याचा, आणि ऐपतीचा दाखला देणारा तहसीलदारही राज्याचाच. मुख्यमंत्रिपद आणि गृहखातं दोन्ही आपल्याकडे आहेत. गरीब माणूस निकालाआधी वर्षानुवर्षं आत का राहतो, याची कारणं शोधत गेलं तर त्यांतली बहुतेक आपल्या सहीच्या टप्प्यात सापडतात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. एवढंच मला सांगायचं आहे आणि ते मी तपशिलात सांगणार आहे.

पत्रं लिहून काय होतं, असं विचारणारे भेटतात. त्यांना मी दोन दाखले देते. १९७२ मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा प्रकरण म्हणून देशाला माहीत असलेला तो खटला सर्वोच्च न्यायालयात पोलिसांच्या सुटकेने संपला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्रातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच १९७९ मध्ये के. एफ. रुस्तमजी या ज्येष्ठ पोलीस अधिकाऱ्याने बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांवर वर्तमानपत्रात लेख लिहिले. रुस्तमजी आपल्या कामठीत जन्मलेले. ते लेख वाचून कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. गुन्हा सिद्ध झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ काही माणसं खटल्याविना आत होती. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी हुसैनारा खातून प्रकरणात निकाल दिला की खटला वेळेत चालणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या निकालाला चाळीस वर्षं उलटून गेली. हक्क कागदावर पक्का आहे. तो माणसापर्यंत पोहोचवणारी व्यवस्था मात्र जागोजागी अडलेली आहे.

पहिली अडचण तारखेची. जिल्हा न्यायालयाच्या आवारात एक सकाळ बसून पाहावं. आरोपीची म्हातारी आई पहाटेच्या एसटीने आलेली असते, डब्यात भाकरी घेऊन. अकरा वाजतात, पुकारा होतो, वकील उभे राहतात, आणि कळतं की आरोपीला आणलेलंच नाही. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: गार्ड मिळाला नाही. बंदोबस्त होता, सभा होती, सण होता, मोठ्या माणसाचा दौरा होता. रोजनाम्यात एक ओळ पडते आणि पुढची तारीख मिळते. साक्षीदार आलेला असेल तर तोही रोजगार बुडवून परत जातो. असं दोन-चारदा झालं की तो यायचाच थांबतो.

ही एखाद्या तालुक्याची तक्रार नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्रातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. सहा वर्षांत १०२ तारखा पडल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक तारखांना आरोपीला ना प्रत्यक्ष हजर केलं होतं, ना पडद्यावर. न्यायालयाने त्याबद्दल उघड नाराजी नोंदवली. मुंबईत पकडलेल्या एका आरोपीला त्याच वर्षीच्या जुलैमध्ये जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट बजावलं होतं. चार वर्षं तो आत होता आणि त्याच्यावर आरोपही निश्चित झाले नव्हते. न्यायालयाचं म्हणणं असं की गुन्हा कितीही गंभीर असो, खटला वेळेत चालवण्याची राज्याची तयारी नसेल, तर गुन्ह्याच्या गांभीर्यावर बोट ठेवून जामिनाला विरोध करता येणार नाही.

यावर उपाय गृहखात्याच्या हातात आहे. कैद्यांना कोर्टात नेण्यासाठी स्वतंत्र पोलीस पथक असावं आणि बंदोबस्ताच्या नावाखाली त्यातला एकही माणूस हलवू नये. प्रत्येक तुरुंगात आणि प्रत्येक फौजदारी न्यायालयात चालणारी दूरदृश्य यंत्रणा असावी. नुसती बसवलेली नव्हे, चालणारी. आणि ज्या तारखेला आरोपी हजर केला नाही, त्या तारखेचं लेखी कारण जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या सहीने कोर्टात जावं. जबाबदार अधिकाऱ्याचं नाव कागदावर आलं की गार्ड मिळू लागतो, हा आपल्या प्रशासनाचा जुना अनुभव आहे.

दुसरी अडचण जामिनाची, आणि माझ्या मते सर्वांत लाजिरवाणी. जामीन मंजूर होऊनही माणसं आत राहतात. न्यायालय म्हणतं, पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा हैसियतदार जामीनदार द्या. ज्याच्या नावावर सातबारा नाही, रेशनकार्ड गावाकडे आहे, मालक ओळख द्यायला तयार नाही आणि तुरुंगापासून घर चारशे किलोमीटरवर आहे, तो जामीनदार कुठून आणणार? वीटभट्टीवरचा मजूर, ऊसतोड कामगार, मुंबईच्या पदपथावर झोपणारा हमाल यांच्या ओळखीची सगळीच माणसं त्यांच्यासारखी असतात. सापडलाच कोणी, तर ऐपतीच्या दाखल्यासाठी तलाठी आणि तहसील कचेरीच्या खेपा सुरू होतात. काही न्यायालयांच्या बाहेर पैसे घेऊन खोटे जामीनदार उभे करणारे दलाल असतात. त्यांचा धंदा चालतो, कारण सरळ रस्ता इतका अवघड करून ठेवला आहे.

१९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाचा जामीन नाकारला, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी मोतीराम प्रकरणात हे सगळं मोडीत काढलं. गरिबाच्या जामिनाची रक्कम त्याच्या आवाक्यातली असावी आणि दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारू नये, असं त्यांनी ठरवून दिलं. आज ‘स्थानिक जामीनदार आणा’ असं एखाद्या गरिबाला सांगितलं जातं, तेव्हा त्या निकालाचा अवमान होत असतो.

२०२२ च्या संविधानदिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात लिहिलेलं भाषण बाजूला ठेवून तुरुंगातल्या गरिबांविषयी बोलल्या. त्यानंतर न्यायालयाने माहिती मागवली, तेव्हा देशभरात सुमारे पाच हजार कैदी जामीन मिळूनही आत असल्याचं समोर आलं. ३१ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने सात निर्देश दिले. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाला ई-मेलने जावा. सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. सुरुवातीच्या नियमांनुसार तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि दंड न भरता आल्याने अडकलेल्या पक्क्या कैद्यासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदत मिळू शकत होती. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, तुरुंग अधीक्षक आणि न्यायाधीश यांची समिती त्यासाठी ठरलेली आहे.

म्हणजे आदेश आहेत, पैसा आहे, समिती आहे. तरीही एखादी बाई पंधरा हजारांच्या जामिनासाठी सहा महिने भायखळ्याच्या तुरुंगात राहू शकते. का? कारण या समितीची बैठक झाली की नाही, कोणाची नावं आली, कोण सुटलं, हे जनतेला कळत नाही. ज्याला कोणी विचारत नाही ते काम आपल्या कचेऱ्यांत मागे पडतं. आपण विचारा. दर महिन्याला प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याकडून एका पानाचा तक्ता मागवा: जामीन मंजूर झालेले किती, सुटलेले किती, न सुटलेल्यांची कारणं काय. तो तक्ता गृहखात्याच्या संकेतस्थळावर टाका. ऐपतीचा दाखला जामिनासाठी हवा असेल, तर तो तीन दिवसांत आणि एकाच खेपेत मिळेल, असा आदेश महसूल खात्याला द्या.

नव्या कायद्यातल्या एका चांगल्या तरतुदीकडे आपलं लक्ष वेधते. नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ वं कलम सांगतं की ज्याला पूर्वी कधीच शिक्षा झालेली नाही, अशा कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर न्यायालयाने त्याला सोडावं. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या शिक्षेची आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नवे कायदे येण्याआधी अटक झालेल्यांनाही तिचा लाभ मिळेल. या कलमाने अर्ज करण्याची जबाबदारी कैद्यावर किंवा त्याच्या वकिलावर टाकलेली नाही. मुदत भरताच न्यायालयाला लेखी अर्ज करण्याचं कर्तव्य तुरुंग अधीक्षकाचं आहे. अधीक्षक आपल्या खात्याचा. त्याच्या संगणकात प्रत्येक कैद्याच्या अटकेची तारीख आणि गुन्ह्याचं कलम आहे. मुदत कधी भरते, हे यंत्र सांगू शकतं. एकाही अधीक्षकाकडून हा अर्ज चुकता कामा नये, आणि चुकला तर त्याची सेवापुस्तिकेत नोंद व्हावी.

याच कलमात एक काटाही आहे. ज्याच्यावर एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील, त्याला हा लाभ मिळत नाही. वाचायला हे रास्त वाटतं. पण महाराष्ट्रात याचा फटका कोणाला बसणार, हे पारधी, कैकाडी, वडार, टकारी वस्त्यांत विचारावं. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली इंग्रजांनी या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणाची वसाहत उभारून त्यांना कोंडलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण पोलीस ठाण्यातली सवय गेली नाही. गावात चोरी झाली की पाल उठवायचं, मिळेल त्या तरुणाला आणायचं, आणि तपास न लागलेले दोन-तीन जुने गुन्हे त्याच्याच नावावर टाकायचे, ही तक्रार विमुक्तांचे कार्यकर्ते कित्येक वर्षं करत आले आहेत. अशा तरुणावर खटले अनेक असतात. त्याने गुन्हे अनेक केलेले असतीलच असं नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगात जातीनुसार कामं वाटण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. विमुक्तांना सराईत गुन्हेगार मानण्याच्या तुरुंग नियमांवरही त्याच निकालात बोट ठेवलं. त्या खटल्याला आधार होता मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या शोधकामाचा. आपल्या राज्यातली तुरुंग नियमावली आणि पोलीस ठाण्यांतल्या सराईतांच्या याद्या त्या निकालाच्या कसोटीवर तपासून घ्या.

चुकीचा माणूस पकडला की काय होतं, याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. जून २००३ मध्ये नाशिकजवळ पेरूच्या बागेत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जण मारले गेले, बायकांवर अत्याचार झाले. वाचलेल्या बाईने पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून चार माणसं ओळखली होती. पोलिसांनी त्या चौघांचा पाठपुरावा केला नाही. पकडले गेले भटक्या जमातीतले सहा मजूर. सत्र न्यायालयाने त्यांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. नंतर पुनर्विचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आणि दोषी अधिकारी शोधून काढण्याचा आदेश राज्याला दिला. फाशीची अंमलबजावणी आधी झाली असती, तर हा आदेश कोणाला ऐकवायचा होता? आणि त्या कुटुंबाला काय मिळालं? ज्यांनी ते केलं, त्यांच्यापर्यंत कायदा पोहोचला नाही.

हीच गोष्ट मोठ्या खटल्यांतही दिसते. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये झालेल्या स्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. त्यांतला एक जण चार वर्षांपूर्वीच तुरुंगात मरण पावला होता. राज्याने या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आहे आणि अंतिम शब्द तिथे ठरेल. पण एकोणीस वर्षांनंतरही आपलं माणूस कोणी मारलं याचं पक्कं उत्तर त्या कुटुंबांकडे नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात झाला. निकाल १० मे २०२४ ला लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. सूत्रधारापर्यंत तपास यंत्रणा पोहोचली नाही, अशी नोंद न्यायालयानेच केली.

या सगळ्या प्रकरणांचं मूळ तपासात आहे. आपल्या ठाण्यातला उपनिरीक्षक सकाळी मोर्चाचा बंदोबस्त करतो, दुपारी मंत्र्यांचा ताफा सांभाळतो आणि रात्री खुनाचा तपास करतो. पंचनामा घाईत होतो, मुद्देमाल नीट सीलबंद होत नाही, पंच नेहमीचेच असतात. मग दबाव येतो, आणि कबुलीजबाब हा सर्वांत सोपा मार्ग वाटू लागतो. २००६ मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्र आणि राज्यांना मिळून सात निर्देश दिले. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची पथकं वेगळी करणं हा त्यांतला एक. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण हा दुसरा. २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश झाला. नवी नागरिक सुरक्षा संहिता सांगते की सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायलाच हवं, आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. ही मुदत पदं भरण्यासाठी, प्रयोगशाळा वाढवण्यासाठी आणि तपासासाठी वेगळं मनुष्यबळ उभं करण्यासाठी वापरा. ज्या पोलिसाला तपासच करायचा आहे, त्याला तो शांतपणे करू द्या. चांगल्या पोलिसांचीही हीच मागणी आहे.

‘म्हणजे गुन्हेगारांना मोकाट सोडायचं का?’ हा प्रश्न सभागृहात विचारला जाईल, चौकातही विचारला जाईल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर द्यायला हवं. जो साक्षीदाराला धमकावेल, पळून जाईल किंवा पुन्हा हिंसा करेल असं दिसतं, त्याला जामीन नाकारण्याचा अधिकार न्यायालयाला आहे आणि तो राहिलाच पाहिजे. मी बोलते आहे ती माणसं वेगळी आहेत. न्यायालयाने ज्यांना सोडा असं सांगितलं, पण जामीनदार मिळाला नाही म्हणून जी आत आहेत. ज्यांची कायद्याने ठरवलेली मुदत भरली, पण अर्ज कोणी केला नाही. ज्यांचा खटला गार्ड नसल्याने हलत नाही. त्यांना आत ठेवून कोणतीही बाई अधिक सुरक्षित होत नाही. उलट खटला लांबला की साक्षीदार फितूर होतात, पंच सापडत नाहीत, फिर्यादीची उमेद संपते आणि खरा गुन्हेगार सुटतो. उशिराचा फायदा नेहमी पैसेवाल्या आरोपीला मिळतो, कारण त्याच्याकडे वकील आहे, जामीन आहे आणि वाट पाहण्याची ऐपत आहे. वेगवान खटल्याची गरज सर्वांत जास्त पीडितांना आहे. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी आपण २०१७ मध्ये कायदा केला. तो प्रत्येक जिल्ह्यात खरोखर वापरला जावा. नव्या संहितेनुसार तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायची असते. ते कळवलं जातं का, हेही पाहावं.

आता तुरुंगांविषयी थोडं. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची क्षमता हजाराच्या आत आणि माणसं तीन हजारांहून अधिक, ही स्थिती वर्षानुवर्षं चालत आली आहे. नवे तुरुंग बांधण्याच्या घोषणा होतात. त्या कराव्यात; पण दहापैकी आठ कैदी ज्या कारणांनी आत आहेत, ती कारणं दूर झाल्याशिवाय नवे तुरुंगही तसेच भरतील. नव्या न्याय संहितेने किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा आणली आहे. पाच हजारांहून कमी किमतीची चोरी पहिल्यांदा केलेल्या आणि वस्तू परत केलेल्या माणसाला आता तुरुंगवासाची गरज नाही. ही शिक्षा राबवायला परिवीक्षा अधिकारी आणि तालुक्यातालुक्यांत कामाच्या जागा लागतील. १९९० पासून टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पाचे समाजसेवक मुंबईच्या तुरुंगांत कैद्यांसोबत काम करत आले आहेत. असे प्रशिक्षित समाजसेवक प्रत्येक तुरुंगात सरकारी पगारावर का नसावेत? जिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालयं सुरू झाली आहेत, म्हणजे गरीब आरोपीला पूर्णवेळ वकील देण्याची सोय झाली आहे. आरोपीची पहिली भेट रिमांडच्या आधी घेता यावी इतकं मनुष्यबळ त्यांना मिळायला हवं.

आणि सुधारणेसाठी आपल्याला परदेशाकडे पाहायला नको. १९३९ मध्ये औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात, मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. भिंत नसलेली ती वसाहत. कैदी तिथे कुटुंबासह राहून शेती करत. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा तीच. ती वसाहत आजही आहे. एका छोट्या संस्थानाने माणसावर विश्वास ठेवण्याचं जे धाडस केलं, ते एवढ्या मोठ्या राज्याला जड जाऊ नये.

मुख्यमंत्री महोदय, माझ्या मागण्या थोडक्यात मांडते.

एक, कैद्यांना न्यायालयात हजर करण्यासाठी स्वतंत्र पथक, आणि गैरहजेरीचं लेखी कारण पोलीस अधीक्षकांच्या सहीने.

दोन, जामीन मंजूर होऊनही आत असलेल्या प्रत्येक कैद्याची जिल्हावार संख्या दर महिन्याला जाहीर, आणि गरीब कैद्यांच्या योजनेतल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब त्यासोबत.

तीन, ४७९ व्या कलमाखाली पात्र ठरणाऱ्या प्रत्येक कैद्याचा अर्ज मुदत भरण्याच्या दिवशीच न्यायालयात.

चार, अनेक खटल्यांच्या अटीमुळे विमुक्तांवर होणारा अन्याय दूर करण्यासाठी केंद्राकडे दुरुस्तीची शिफारस. फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतला विषय आहे. महाराष्ट्राचं म्हणणं केंद्राला ऐकावं लागेल.

पाच, तपासाचं वेगळं पोलीस दल. सुरुवात निदान आयुक्तालयांच्या शहरांतून.

यांतल्या पहिल्या तीन मागण्यांसाठी विधेयक लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. शासन निर्णय पुरतो. आपण वकिली शिकलेले आहात. या पत्रातला एकही मुद्दा आपल्याला नवा नाही, याची मला खात्री आहे. म्हणूनच अपेक्षाही अधिक आहे. येत्या अधिवेशनात सभागृहाला सांगा की जामीन मिळूनही महाराष्ट्राच्या तुरुंगांत आज किती माणसं आहेत, आणि वर्षाच्या आत ती संख्या शून्यावर आणण्याची जबाबदारी सरकारच्या वतीने घ्या.

आपली,
महाराष्ट्राची एक नागरिक